जुन्या नौकेची खरी परीक्षा पाण्याखाली

जुनी शिडाची नौका विकत घेणाऱ्याचे लक्ष प्रथम जाते ते पांढऱ्याशुभ्र शिडांकडे आणि सुकाणूजवळच्या यंत्रांकडे. तिच्यावरील माणसांचे प्राण मात्र पाण्याखालच्या भागावर अवलंबून असतात.

‘रेसर-क्रूझर’ ही दुहेरी उपयोगाची नौका. शर्यतीसाठी उंच डोलकाठी आणि खोल कील, तर सहलीसाठी झोपण्याच्या जागा, स्वयंपाकाचा ओटा व इंजिन. फ्रान्सच्या बेनेतो कंपनीची सुमारे ४० फुटी ‘फर्स्ट ४०.७’ ही या प्रकारातील प्रसिद्ध नौका.

याच बनावटीची ‘चीकी रफीकी’ मे २०१४ मध्ये अँटिग्वाहून इंग्लंडमधील साउदॅम्प्टनकडे परतत होती. अटलांटिक महासागरात नौकेत पाणी शिरू लागल्याचा निरोप आला आणि पुढे संपर्क तुटला. चारही ब्रिटिश खलाशी पुन्हा सापडले नाहीत. शोधपथकाला उलटलेली नौका आढळली, तेव्हा कील तुटून गेली होती आणि जीवरक्षक तराफा जागच्या जागीच होता.

कील म्हणजे नौकेच्या तळाला बोल्टांनी जोडलेला जड धातूचा पंख. शिडांवरील वाऱ्याच्या जोरापुढे नौकेला सावरून धरते ती हीच. तिचा भार तळावर विभागला जावा म्हणून आतून फायबरग्लासचा सांगाडा चिकटवलेला असतो. नौका खडकावर वा वाळूत आदळली की कीलची मागची कड तळाला वर रेटते आणि पुढचे बोल्ट खाली ओढले जातात. त्यातून सांगाडा तळापासून सुटू शकतो. बाहेरून नौका धडधाकट दिसते. ‘चीकी रफीकी’च्या बाबतीत पूर्वीचे असे आघात आणि नंतरच्या दुरुस्त्या यांमुळे जोड कमकुवत झाली असण्याची शक्यता ब्रिटनच्या सागरी अपघात तपास शाखेने २०१५ च्या अहवालात नोंदवली.

म्हणूनच सौदा ठरण्यापूर्वी नौका पाण्याबाहेर काढून तज्ज्ञ सर्वेक्षकाकडून तपासून घ्यावी. कीलच्या सांध्यावरील भेग, बोल्टांभोवतीचा गंज, सांगाड्यावरील तडे ही धोक्याची चिन्हे होत. नौका कधी तळाला लागली होती काय आणि दुरुस्ती कोणी केली, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. डोलकाठी ताणून धरणाऱ्या पोलादी तारांचे वय विचारावे. तराफ्याच्या तपासणीची तारीख पाहावी.

फाटलेले शीड बदलता येते, बिघडलेले यंत्रही. भर समुद्रात गळून पडलेल्या कीलला मात्र पर्याय नसतो.