तीन खेळ, एक शरीर आणि उष्णतेचा हिशेब

मार्च २०२३ मधील एका रविवारी, सकाळी दहाच्या सुमारास, मी रस्त्याकडेच्या एका कडुनिंबाखाली बसले होते. डोके गरगरत होते. हवा तापलेली असूनही दंडावर काटा उभा राहिला होता. स्वयंसेवक म्हणून आलेली एक महाविद्यालयीन मुलगी माझ्या मानेवर पाणी ओतत होती आणि पुठ्ठ्याने वारा घालत होती. “काकू, आता उठायचं नाही,” असे तिने दोनदा बजावले. शेवटची अडीच किलोमीटर धाव बाकी होती. ती त्या वर्षी पुरी झाली नाही.

स्पर्धा होती स्प्रिंट ट्रायथलॉनची. आमच्या शहराजवळच्या तलावावर दरवर्षी हौशी लोकांसाठी ती भरते. ७५० मीटर पोहणे, २० किलोमीटर सायकल आणि ५ किलोमीटर धावणे, हे सगळे सलग करायचे असते. कपडे आणि बूट बदलायला लागणारा वेळसुद्धा एकूण वेळेत धरतात. माझे वय तेव्हा सेहेचाळीस होते, आणि व्यवसायाने मी जीवरसायनशास्त्राची संशोधक आहे. ‘स्नायू दमतात कसे’ हे वीस वर्षे इतरांना समजावून सांगणारी मी स्वतःच झाडाखाली का बसले, या प्रश्नाचे उत्तर शोधताना जे हाती लागले ते येथे मांडत आहे. शाळेत खेळ घेणाऱ्या आणि विज्ञान शिकवणाऱ्या अशा दोन्ही शिक्षकांना त्याचा उपयोग व्हावा.

थोडा इतिहास

आधुनिक ट्रायथलॉनचा जन्म फार जुना नाही. २५ सप्टेंबर १९७४ रोजी अमेरिकेतील सॅन दिएगो शहरात, मिशन बे येथे ४६ जणांनी अशी पहिली स्पर्धा केली. १९७८ साली हवाई बेटांवर ‘आयर्नमॅन’ ही अतिदीर्घ स्पर्धा सुरू झाली. पहिल्या वर्षी १५ जण उतरले आणि १२ जणांनी ती पूर्ण केली. २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये या खेळाचा समावेश झाला. तेथील अंतरे दीड, चाळीस आणि दहा किलोमीटर अशी आहेत. स्प्रिंट प्रकार त्याच्या बरोबर निम्मा. आपल्याकडे २०१९ मध्ये गोव्यात मिरामार किनाऱ्यावर अर्ध्या अंतराची आयर्नमॅन स्पर्धा झाली आणि या खेळाकडे अनेकांचे लक्ष वळले.

नावात ‘स्प्रिंट’ असले तरी ही धाव शंभर मीटरसारखी नव्हे. स्नायूंचे थेट इंधन म्हणजे एटीपी. त्याचा साठा जोरदार कामाच्या दोन-तीन सेकंदांतच संपतो. क्रिएटिन फॉस्फेट आणखी काही सेकंद निभावून नेते. त्यानंतर शर्करा आणि मेद यांच्यापासून एटीपी सतत तयार करावे लागते. दीड-दोन तासांच्या श्रमात हे काम जवळजवळ सर्वस्वी ऑक्सिजनच्या मदतीने चालते.

पाण्यातला रोध

पाणी हवेपेक्षा सुमारे आठशे पट दाट आहे. पाण्याचे उत्प्लावक बल आपले वजन पेलते, पण पुढे सरकायला विरोधही तितकाच मोठा होतो. हा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. शक्ती म्हणजे बल गुणिले वेग, म्हणून लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दहा टक्के वाढवायचा तर १.१ × १.१ × १.१, म्हणजे सुमारे एक तृतीयांश शक्ती जास्त लागते! म्हणून पोहण्यात ताकद लावण्यापेक्षा शरीर आडवे व सरळ ठेवणे अधिक फायद्याचे असते. पाय खाली गेले की पाण्याला अडणारे क्षेत्रफळ वाढते. मला ७५० मीटरला २४ मिनिटे लागली. दम लागला, पण गरम झाले नाही. पाणी उष्णता हवेच्या सुमारे चोवीस पट सहज वाहून नेते, त्यामुळे पोहताना शरीर आपोआप थंड राहते.

सायकलीवरचा हिशेब

सायकलीचे वीस किलोमीटर मी ५० मिनिटांत कापले. वेग ताशी २४ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ६.७ मीटर. माझ्या साध्या सायकलीवर या वेगाला हवेचा व चाकांचा मिळून रोध अंदाजे १८ न्यूटन येतो. १८ × ६.७ म्हणजे सुमारे १२० वॅट शक्ती पेडलवर द्यावी लागते.

आता खरी मेख पाहा. स्नायू हे काही फार कार्यक्षम यंत्र नव्हे. अन्नातून मोकळ्या झालेल्या ऊर्जेचा जेमतेम पाव भाग पेडलपर्यंत पोहोचतो, उरलेल्याची उष्णता होते. १२० वॅट पेडलवर मिळवायचे तर शरीरात सुमारे ५२० वॅट दराने ऊर्जा खर्च होते, आणि त्यातील ४०० वॅट उष्णतेच्या रूपाने बाहेर टाकावे लागतात. कपड्यांची इस्त्री तासभर अंगात चालू ठेवण्यासारखेच हे झाले.

५० मिनिटे म्हणजे ३००० सेकंद. ४०० × ३००० म्हणजे १२०० किलोज्यूल उष्णता. शरीराची विशिष्ट उष्माधारकता सुमारे ३.५ किलोज्यूल प्रति किलोग्रॅम प्रति अंश सेल्सिअस आहे. माझे वजन ६० किलो धरले तर शरीराचे तापमान एक अंशाने वाढायला २१० किलोज्यूल पुरतात. म्हणजे ही उष्णता बाहेर पडलीच नाही, तर तापमान साडेपाच अंशांहून अधिक वाढून ४२ च्या पुढे जाईल. इतक्या तापाने जीव जाऊ शकतो.

तसे होत नाही, याचे श्रेय घामाला. एक लिटर घाम त्वचेवरून पूर्ण वाळला तर सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. म्हणजे सायकलीवरच्या साऱ्या उष्णतेचा निकाल लावायला अर्धा लिटर घाम पुरतो. यात ‘वाळला तर’ हे शब्द महत्त्वाचे. टपटप खाली पडलेला घाम पाणी आणि मीठ घेऊन जातो, पण त्याने गारवा मिळत नाही. सायकलीवर सेकंदाला सहा-सात मीटरचा वारा अंगावर असतो, त्यामुळे घाम दिसतही नाही. तो येतो आणि लगेच वाळतो.

धावताना काय बदलले?

सपाट रस्त्यावर धावण्याचा खर्च मोजायला एक सोपा नियम आहे. दर किलोग्रॅम वजनाला, दर किलोमीटरला साधारण एक किलोकॅलरी. ६० किलोसाठी ५ किलोमीटरला ३०० किलोकॅलरी, म्हणजे सुमारे १२५० किलोज्यूल. मी ३५ मिनिटांत धाव संपवण्याच्या बेताने निघाले होते. भाग देऊन पाहा, ५९५ वॅट येतात. सपाटीवर धावताना शेवटी ही बहुतेक सारी ऊर्जा उष्णताच होते.

म्हणजे सायकलवरून उतरताच तीन गोष्टी एकदम घडल्या. उष्णता निर्माण होण्याचा दर ४०० वरून सुमारे ६०० वॅटवर गेला. अंगावरचा वारा सेकंदाला ६.७ मीटरवरून २.४ मीटरवर आला. आणि ऊन चढले. स्पर्धा साडेसहाला सुरू व्हायची होती. काही कारणांनी ती सव्वाआठला सुरू झाली. त्यामुळे मी धावायला लागले तेव्हा पावणेदहा होत आले होते आणि सावलीतले तापमान ३३ अंश होते. घाम येणाऱ्या त्वचेचे तापमान ३५ अंशांच्या आसपास असते. दोहोंत फरक उरला नाही की हवेला उष्णता देता येत नाही, आणि घाम वाळणे हा एकच मार्ग शिल्लक राहतो.

शिवाय रक्ताची वाटणी होते. स्नायूंना ऑक्सिजनसाठी रक्त हवे आणि उष्णता बाहेर आणण्यासाठी त्वचेलाही हवे. घामामुळे रक्तातील पाणी कमी होते, म्हणून त्याच कामाला हृदयाला अधिक ठोके द्यावे लागतात. अशा अवस्थेत मेंदूला रक्त कमी पडले की गरगरते. इंधनाची कमतरता मुळीच नव्हती. पूर्ण स्पर्धेला लागणारी ऊर्जा सुमारे ३५०० किलोज्यूल, आणि शरीरात साठलेले सुमारे ४०० ग्रॅम ग्लायकोजेन जवळपास ७००० किलोज्यूल देऊ शकते. टाकी निम्मी भरलेलीच होती. कमी पडला तो रेडिएटर.

लॅक्टिक आम्लाची बदनामी

दुसऱ्या दिवशी माझ्या मांड्या ठणकत होत्या. शेजारचा नववीतला मुलगा म्हणाला, “मावशी, लॅक्टिक आम्ल साठलंय.” हे उत्तर त्याने पुस्तकातूनच उचलले होते. मीही कित्येक वर्षे तेच सांगत असे. पण ते बरोबर नाही.

या समजुतीचा उगम सन्माननीय आहे. हिल आणि मायरहॉफ यांना स्नायूंवरील कामासाठी १९२२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या काळचे प्रयोग बहुतांशी बेडकाच्या काढून घेतलेल्या स्नायूंवर होत. त्यांना रक्तपुरवठा नव्हता, त्यामुळे तयार झालेले लॅक्टिक आम्ल जागीच साठे आणि स्नायू थकत. जिवंत शरीरात मात्र ते रक्तात मिसळते. यकृत त्यापासून पुन्हा ग्लुकोज बनवते, हे कोरी दांपत्याने १९२९ पर्यंत दाखवून दिले होते. १९८० च्या दशकापासून जॉर्ज ब्रूक्स यांनी दाखवले की हृदय आणि इतर स्नायू लॅक्टेट चक्क इंधन म्हणून वापरतात. व्यायाम थांबल्यावर तासाभरात त्याचे रक्तातील प्रमाण पूर्वपदावर येते. ठणका तर एक-दोन दिवसांनी शिगेला पोहोचतो. तासाभरात निघून गेलेला पाहुणा परवा चोरी कशी करील?

याचा पुरावा वर्गातील मुलांच्या अनुभवात सापडेल. सिंहगड चढताना धाप लागते, उतरताना लागत नाही. पण दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतात त्या मुख्यतः उतरण्यामुळे. उतरताना प्रत्येक पावलाला मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच वजन पेलतो, आणि त्यात त्याच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते. धावताना पाऊल टेकले की थोड्या प्रमाणात हेच घडते. सायकलीवर स्नायू मुख्यतः आखडतच काम करतात, म्हणून नुसत्या सायकलीने असा ठणका क्वचितच होतो.

शाळेत करून पाहण्याजोगे

१. दोन तापमापी घ्या. एकाच्या फुग्यावर ओले फडके गुंडाळा. दोन्ही सावलीत ठेवून पुठ्ठ्याने पाच मिनिटे वारा घाला आणि तापमानांतील फरक नोंदवा. कोरड्या दिवशी आणि पावसाळी दिवशी हा प्रयोग करा. दमट हवेत फरक कमी येतो, म्हणजे घामही कमी उपयोगी पडतो. मुंबई-कोकणातील आणि मराठवाड्यातील शाळांनी आपली निरीक्षणे एकमेकांना कळवल्यास फारच छान.

२. खेळाच्या तासाआधी आणि नंतर, अंग पुसून, विद्यार्थ्यांचे वजन करा. प्यायलेले पाणी हिशेबात धरा. एक किलो घट म्हणजे साधारण एक लिटर घाम.

३. सकाळी सात वाजता आणि दुपारी उन्हात, त्याच वेगाने दहा मिनिटे चाला आणि नाडीचे ठोके मोजा. काम तेच असूनही ठोक्यांत पडणारा फरक रक्ताच्या वाटणीविषयी बरेच सांगून जातो.

चार व्यावहारिक गोष्टी

शालेय धावण्याच्या शर्यती शक्यतो सकाळी आठच्या आत संपवाव्यात. उशीर झालाच, तर अंतर कमी करायला किंवा शर्यत पुढे ढकलायला संकोच करू नये. उन्हात सरावाची सवय लागायला शरीराला दहा ते चौदा दिवस लागतात. त्या काळात घाम लवकर आणि अधिक येऊ लागतो, त्यातले मीठ कमी होते. म्हणून स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात एकदम सराव सुरू करणे योग्य नव्हे. पाणी तहानेप्रमाणे प्यावे. बळेबळे पिण्यातही धोका आहे. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये रक्त तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्के लोकांच्या रक्तातील सोडियम प्रमाणापेक्षा कमी आढळले होते, आणि अतिपाणी हे त्याचे मुख्य कारण होते.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. मूल धावताना असंबद्ध बोलू लागले, भेलकांडू लागले, तर ते ‘नाटक’ समजू नये. ताबडतोब सावलीत न्यावे, अंगावर भरपूर पाणी ओतावे, वारा घालावा आणि रुग्णालयात हलवण्याची व्यवस्था करावी. गार करणे आधी, प्रवास नंतर. बेशुद्ध असल्यास तोंडात पाणी घालू नये. त्या मुलीने माझ्या बाबतीत ओळखून जे केले, ते अगदी शास्त्रशुद्ध होते.

मार्च २०२४ मध्ये मी पुन्हा उतरले. या वेळी स्पर्धा वेळेवर, पावणेसातला सुरू झाली. मी तीन आठवडे उन्हात सराव केला होता, आणि धाव ३५ ऐवजी ४० मिनिटांची ठरवली होती. एकूण उष्णता तेवढीच, १२५० किलोज्यूल, पण निर्माण होण्याचा दर ५९५ ऐवजी ५२० वॅट. नळ तोच असला तरी धार बारीक केली की मोरी तुंबत नाही. २ तास ३ मिनिटांनी मी शेवटची रेषा ओलांडली. माझ्यामागे फक्त चौघे होते.

त्यानंतर आमच्या ओळखीच्या एका क्रीडाशिक्षकांचा दूरध्वनी आला. वाचनात आलेला हिशेब त्यांनी मुख्याध्यापकांना फळ्यावर मांडून दाखवला होता. त्यांच्या शाळेची तीन किलोमीटरची धाव आजवर पाहुण्यांच्या सोयीने दुपारी बारा वाजता होत असे. ती आता सकाळी सातला होते. पाहुणे बक्षीस समारंभाला येतात.