स्वभावाला औषध

पहाटे साडेपाच. आंदर मावळातला ऑक्टोबर म्हणजे सकाळी धुकं आणि दुपारी चटका. टाकव्याबाहेरच्या खाचरांत इंद्रायणी भात लोंब्यांनी वाकलाय. बांधावरून चार पावलं गेलं की दवानं पोटऱ्या भिजतात. आज फेरी अर्ध्यातच आवरली. दुपारी चारला आरोग्य केंद्रात बोलायचं आहे. डॉक्टरबाईंनी आठवड्यापूर्वीच गळ घातली होती, "सर, १० ऑक्टोबरला जागतिक मानसिक आरोग्य दिन असतो. मी बोलायला लागले की बायका जांभया देतात. तुम्ही सिनेमावर लिहिता, तर काहीतरी गोष्टीसारखं सांगा." मी लगेच हो म्हणालो. हा दिन पाळायला लागले १९९२ पासून. त्याच्या खूप आधी, १९६४ च्या १० ऑक्टोबरला, गुरुदत्त गेला. वय ३९.

सहा. चहाचा कप आणि कागद. पहिलं वाक्य लिहिलं, "गुरुदत्त हा मनस्वी कलावंत होता." लगेच खोडलं. कलावंतावर लिहायला बसलं की हा शब्द न बोलावता येऊन बसतो. रात्र रात्र झोप नाही? मनस्वी. घरात असून घरच्यांशी बोलत नाही? मनस्वी. पाली हिलवरचा स्वतःचा बंगला पाडून टाकला? मग तर विचारायलाच नको. माझ्याच दोन जुन्या लेखांत हा शब्द आहे आणि ते लेख लोकांना आवडलेही होते.

साडेसात. शेजारचे आबा दूध घेऊन आले.

"आज कुणावर चाललंय सर?"

"गुरुदत्तवर."

"प्यासावाला ना? लोणावळ्याला शेती होती म्हणं त्याची."

होती. मुंबईतून निसटून तो तिथं यायचा आणि मातीत रमायचा. आमच्या कान्हे स्टेशनाहून लोकलनं अर्ध्या तासाचा रस्ता.

आबा उंबऱ्यावरच टेकले. "आमच्याकडं बी एक गुरुदत्त हाय की." त्यांचा पुतण्या. त्याचं नाव-गाव इथं देत नाही, आणि एवढं लिहितोय तेही घरच्यांना विचारून. पोरगा ऑर्केस्ट्रात गातो. दोन वर्षांत असा गाजला की जत्रेत त्याच्याबरोबर फोटो काढायला रांग लागते. "गणपतीत चार सुपाऱ्या सोडल्या. खोलीतनं भाईर येत नाय. आई ताट ठिवती, ते तसंच परत येतं."

"डॉक्टरला दाखवलंत?"

"डागदर कशाला? आजारी थोडाच हाय तो. स्वभावच तसा. आन् स्वभावाला औषध नसतं, तुमीच सांगा."

चरवी रिकामी करून आबा गेले. मी कागदावर वरच्या बाजूला लिहिलं, 'स्वभावाला औषध नसतं.'

नऊ ते साडेबारा. हे माझे खरे कामाचे तास.

अल्मोड्याच्या उदयशंकरांच्या केंद्रात नाच शिकलेला हा मुलगा काही दिवस कोलकात्याला लीव्हर ब्रदर्समध्ये टेलिफोन ऑपरेटर होता. १९४४ मध्ये त्याचे नातलग, सिनेमाची पोस्टरं रंगवणारे बी. बी. बेनेगल, त्याला पुण्याला घेऊन आले आणि 'प्रभात'मध्ये चिकटवून दिलं. लॉ कॉलेज रस्त्यावरच्या त्या आवारात आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे. धोब्यानं शर्टांची अदलाबदल केली आणि देव आनंदशी दोस्ती जमली ती तिथंच. एकानं निर्माता व्हायचं, दुसऱ्याला दिग्दर्शक करायचं, असा शब्द दिला गेला. तो १९५१ मध्ये 'बाजी'नं पाळला गेला. पुढं 'आर पार', 'मिस्टर अँड मिसेस ५५', जॉनी वॉकरची फटकेबाजी. लोक विसरतात, पण गुरुदत्तनं आधी लोकांना भरपूर हसवलं. विशीतलं पोरगं एवढं खळाळून हसवू शकतं, तर मग उदासपणा हा त्याचा जन्मजात स्वभाव कसा? सकाळी आबांना हे विचारायला हवं होतं. त्यांचा पुतण्याही लग्नाच्या वरातीत सगळ्यांत पुढं नाचायचा.

प्रभातचा करार संपल्यावर माटुंग्याच्या घरी बेकार बसून त्यानं 'कश्मकश' नावाची कथा लिहिली. तिचाच दहा वर्षांनी 'प्यासा' झाला. १९५९ मध्ये 'कागज के फूल' आला, देशातला पहिला सिनेमास्कोप. व्ही. के. मूर्तींनी आरशांवरून ऊन परतवून पाडलेला तो प्रकाशाचा झोत आजही कॅमेरा शिकणाऱ्या मुलांना दाखवतात. त्या वेळी चित्रपट सपशेल पडला, आणि त्यानंतर दिग्दर्शक म्हणून त्यानं आपलं नाव कधीच लावलं नाही. 'गौरी', 'राज' हे सुरू करून सोडून दिलेले चित्रपट. अपयश पचलं नाही म्हणून तो खचला, असं सगळे लिहितात. पण 'गौरी' बंद पडला तो 'कागज के फूल'च्या आधी, आणि पुढच्याच वर्षी 'चौदहवीं का चाँद' तुफान चालला. यशानं बरं वाटायचं असतं तर तेव्हा वाटलं असतं. एका पडलेल्या चित्रपटावर सगळं ढकलणं सोयीचं आहे, एवढंच.

त्याची बहीण, चित्रकार ललिता लाजमी, उतारवयात त्याच्या उदासपणाबद्दल मोकळेपणानं बोलायच्या. तो हाक मारायचा, त्या धावत जायच्या, आणि तो नुसता गप्प बसून राहायचा. आधी दोनदा जीव द्यायचा प्रयत्न झाला होता. मानसोपचारतज्ज्ञाला एकदा बोलावलं, पुन्हा नाही. घरच्यांना दोष देणं सोपं आहे, पण त्या काळी असा प्रयत्न म्हणजे कलम ३०९, म्हणजे पोलीस. दुखणं उघड करायचं तर आधी गुन्हा कबूल करायचा. पुण्याच्या बाजूला तर 'येरवड्याला धाडू का?', म्हणजे तिथल्या मनोरुग्णालयात, हे धमकी म्हणूनच वापरत. त्यापेक्षा 'स्वभाव' म्हणणं घराण्याला झेपतं.

एक तारीख मात्र आज सापडली आणि डोक्यातून जाईना. १९५७. 'प्यासा' पडद्यावर आला त्याच वर्षी रोलान्ड कून या स्विस डॉक्टरनं इमिप्रामिन उदासीनतेच्या रुग्णांवर लागू पडतं, हे जगापुढं मांडलं. म्हणजे म्हण तेव्हाच खोटी ठरली होती. ती गोळी मिळाली असती तर तो वाचला असता, असं मी म्हणत नाही. त्याचा शेवट ठरवून झाला की चुकून, यावर घरातही एकमत नव्हतं आणि मी त्यात पडणार नाही.

एक. भाकरी, कालवण, डुलकी. वीज गेली.

चार. आरोग्य केंद्राचा व्हरांडा. आशाताई, बचत गटाच्या बायका, बोटाला पट्टी बांधायला आलेले कंपनीतले दोन तरुण, आणि माझं भाषण संपेपर्यंत अखंड रडलेलं एक मूल. तयारी केलेलं अर्धं राहिलं. धोब्याच्या शर्टावर हशा पिकला, बंगल्याच्या गोष्टीवर बायका हळहळल्या. मग 'कासव'बद्दल सांगितलं. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा चित्रपट, राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळालेला. त्यात मनानं मोडलेल्या पोराला एक बाई घरी ठेवून घेते आणि नाव-गावसुद्धा विचारत नाही. निर्माते मोहन आगाशे स्वतः मानसोपचारतज्ज्ञ. "म्हंजे घाशीराममधले नाना डागदर हायेत?" मागून एकानं विचारलं. हो म्हणालो. माझ्या अर्ध्या तासातली लोकांच्या लक्षात राहिलेली माहिती बहुधा हीच.

डॉक्टरबाईंनी पाच मिनिटांत कायदा सांगितला. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं जीव द्यायचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं, त्याला शिक्षा नाही, उलट उपचार द्यायची जबाबदारी सरकारची. जांभई कुणी दिली नाही.

पावणेसहा. सगळे उठले, एक बाई बसून राहिली. पुतण्याची आई. आबांनी पाठवलं नव्हतं, तिची तीच आली होती. पदराचं टोक बोटाला गुंडाळत डॉक्टरबाईंना म्हणाली, "गोळ्यांची सवय लागती का हो?"

"गोळ्या लागतील की नाही हे मला बघितल्याशिवाय कसं कळणार? घेऊन या त्याला."

"तो येत नाय."

"मग मी येते. आणि एक सांगते, मी मनाची डॉक्टर नाही. पण कुणाकडे पाठवायचं ते मला कळतं."

साडेसात. आबांचा ओटा. डॉक्टरबाई आत, मी आणि आबा बाहेर. भाषण करणाऱ्याला आत काही काम नसतं. पुलापलीकडून कंपनीच्या पाळीच्या गाड्या चालल्या होत्या. आबांनी तंबाखू मळली आणि खायची विसरले. आतून बराच वेळ एकच आवाज येत होता, बाईंचा. मग दुसरा, अगदी बारीक. हाच आवाज मी जत्रेत चार कर्ण्यांतून ऐकलाय.

पाऊण तासानं त्या बाहेर आल्या. आत काय बोलणं झालं ते सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही. एवढंच म्हणाल्या, "झोप नाही, भूक नाही, महिना होऊन गेला. हा स्वभाव नाही, आबा. सोमवारी चिठ्ठी देते, मोठ्या दवाखान्यात न्यायचं. त्याला एकटं सोडू नका. आणि रात्री-बेरात्री काही वाटलं तर हा नंबर."

आबांनी दुधाच्या हिशेबाची वही आणली. रतिबाच्या पानावर, माझ्या नावाखाली, मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं: १४४१६. टेलि-मानस, २०२२ च्या १० ऑक्टोबरला सुरू झालेली सरकारी सेवा. चोवीस तास चालू असते, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत.