अडलेल्या घासावर विषाची सुई

एकॅलेशिया या आजारात गिळलेला घास जठराच्या दाराशीच अडून बसतो. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला स्नायूंचे कडे असते. एरवी ते आवळलेले राहते आणि घास आला की सैल पडते. त्याला सैल पाडणाऱ्या चेतापेशी या आजारात नष्ट होतात, आवळणाऱ्या मात्र बहुतांशी शाबूत राहतात. आजार विरळा, वर्षाला लाखामागे साधारण एक नवा रुग्ण.

पिंप्राळा-जळगावकडे ताटात ज्वारीची, नाही तर कळण्याची भाकरी. त्यामुळे घास अडला की दोष कोरड्या भाकरीला लावला जातो आणि महिने निघून जातात. खरी खूण पाण्यात आहे. एकॅलेशियात भाकरीसारखे पाणीही बहुधा सुरुवातीपासूनच अडते आणि रात्री आडवे झाल्यावर खाल्लेले तोंडात येते. आधी भाकरी, मग भात, मग पेजही उतरेनाशी झाली, तर मात्र कर्करोगाची शंका आधी घ्यावी लागते. तंबाखू खाणाऱ्यांत तर नक्कीच. म्हणून आधी दुर्बिणीची तपासणी, मग इलाज. बॅरियम पाजून काढलेल्या एक्स-रेत नळी वर फुगलेली आणि खाली पक्ष्याच्या चोचीसारखी निमुळती दिसते. मॅनोमेट्रीत दाब मोजला की निदान पक्के होते.

इलाजांपैकी एक म्हणजे बोटुलिनम या विषाचे इंजेक्शन. १८९५ मध्ये बेल्जियममधल्या एका गावात खारवलेले मांस खाऊन माणसे दगावली. त्याच्या तपासात एमिल व्हान एर्मेंगेम यांना हे विष बनवणारा जिवाणू सापडला. चेतातंतूच्या टोकातून ॲसिटिलकोलीन सुटले की स्नायू आवळतो, आणि हे विष नेमके तेच सुटू देत नाही. सैल करणारी यंत्रणा गेलीच आहे, तर आवळणारीही दुबळी करून तोल साधायचा. युक्ती नामी आहे, पण रोग मुळातून जात नाही. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्समधील पंकज पसरिचा आणि सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात ती एकॅलेशियावर वापरून दाखवली.

रुग्णाला उपाशीपोटी दुर्बीण घालतात. तिच्यातूनच बारीक सुई पुढे सारून कड्याच्या चार बाजूंना २५-२५ असे एकूण १०० युनिट टोचतात. काही दिवसांत घास उतरू लागतो. पण चेतातंतूंना नवे फाटे फुटतात, कडे पुन्हा आवळते आणि वर्षभरात निम्म्याच्या आसपास रुग्णांचा त्रास परततो. वारंवार टोचल्याने तिथे वण धरून पुढची शस्त्रक्रिया अवघड होऊ शकते. त्यामुळे धडधाकट रुग्णाला फुग्याने कडे ताणणे, हेलर यांची १९१३ पासूनची शस्त्रक्रिया किंवा जपानच्या हारुहिरो इनोउए यांनी २००८ मध्ये सुरू केलेली ‘पोएम’ ही दुर्बिणीतून होणारी शस्त्रक्रिया हेच उपाय बरे. इंजेक्शन मुख्यतः भूल-शस्त्रक्रिया न सोसणाऱ्या वृद्धांसाठी.

घशाच्या तळाशी असलेले अन्ननलिकेचे वरचे कडे सैल पडत नसेल, तर त्यातही हे औषध देतात, मात्र ते शेजारच्या स्नायूंत पसरले तर आवाज बसतो, अन्न श्वासनलिकेत जाते. पक्षाघातानंतर पाणी पिताना ठसका लागतो, त्यात मात्र बहुधा कडे आवळलेले नसून घशाचे स्नायूच लुळे पडलेले असतात. अशा रुग्णांना सुईचा उपयोग नाही. त्यांना गिळण्याचे व्यायाम आणि दाटसर केलेले अन्न द्यावे लागते.