पगारातली कपात आणि विम्याचा दवाखाना

तुमच्या गावातला एखादा मुलगा चाकणला, वाळूजला नाही तर सातपूरला कारखान्यात लागलेला असेलच. सणाला तो घरी आला म्हणजे त्याची पगाराची पावती एकदा हातात घेऊन पाहा. भविष्यनिर्वाह निधीच्या कपातीशेजारी ‘ईएसआय’ अशी अक्षरे दिसतील आणि त्यापुढे शंभर-सव्वाशे रुपयांचा आकडा. विचारले तर मुलगा म्हणतो, “ते असंच कापतात.” असंच कुणी काही कापत नसतं! ती राज्य कामगार विमा योजनेची वर्गणी आहे. घरात दुखणे आले की जे बापे उसनवारीला निघतात, त्यांतल्या पुष्कळांच्या मुलाचा विमा असतो. तो कसा वापरायचा एवढेच त्यांना कुणी सांगितलेले नसते.

योजना जुनी आहे. १९४८ साली तिचा कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे ती सुरू झाली. १ जुलै २०१९ पासून कामगाराच्या वेतनातून शेकडा पाऊण रुपया घेतात आणि मालक आपल्या खिशातून शेकडा सव्वातीन रुपये भरतो. पंधरा हजार पगार असेल तर मुलाचे जातात ११३ रुपये आणि मालकाचे ४८८. म्हणजे मुलाच्या एका रुपयामागे मालकाचे चार रुपयांहून अधिक पडतात. हे पैसे वापरले नाहीत तरी परत मिळत नाहीत, म्हणून हक्क समजून घेणे बरे.

हा विमा दहा किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या कारखान्यांना आणि आस्थापनांना लागू होतो. १ जानेवारी २०१७ पासून त्यासाठी महिना २१,००० रुपयांची वेतनमर्यादा ठरली. ठेकेदाराकडचा मजूरही यात येतो. ठेकेदाराने वर्गणी भरली नाही, तर ती भरण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते. मात्र हंगामी कारखाने यातून वगळलेले आहेत. साखर कारखान्याच्या किंवा कापसाच्या जिनिंगच्या हंगामी कामावर जाणाऱ्यांनी हे आधीच ध्यानात ठेवावे.

आता मिळते काय ते पाहू. नोकरी लागल्या दिवसापासून कामगाराला आणि त्याच्या कुटुंबाला औषधोपचार मिळतात. कुटुंब म्हणजे बायको-मुले तर खरीच, पण त्याच्यावर अवलंबून असलेले आईबापही त्यात येतात. ही गोष्ट गावोगाव सांगण्यासारखी आहे. मुलगा चिंचवडला असतो आणि आई सोलापूरकडे. तिला वाटते, विमा तिकडचा, आपल्याला त्याचा काय उपयोग? नाव नोंदवताना कामगारासाठी एक दवाखाना आणि दुसरीकडे राहणाऱ्या कुटुंबासाठी निराळा दवाखाना निवडता येतो. मात्र त्यासाठी आईचे नाव नोंदलेले हवे. घाईघाईने अर्ज भरणारा कारकून नुसते कामगाराचे नाव टाकतो आणि पुढे निघून जातो.

येथे शिक्षकांचे काम आहे. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधार कार्डावर दुसरे आणि विम्याच्या नोंदीत तिसरेच, असे असले की ऐन दुखण्यात खेटे पडतात. मुले शाळा सोडतानाच गुरुजींनी ही नावे जुळवून दिली तर फार मोठा उपकार होईल. आणखी एक. विमा क्रमांक जन्मभर एकच असतो. ठेकेदार बदलला की नवा क्रमांक काढून घेणारी मुले असतात. अशाने भरलेले दिवस दोन खात्यांत विभागले जातात आणि कुठल्याच खात्यात पुरेसे जमत नाहीत.

दिवस म्हटले, ते कशासाठी? दवाखान्याखेरीज आजारपणात रोख भत्ताही मिळतो. सरासरी रोजच्या वेतनाच्या ७० टक्के, वर्षातून ९१ दिवसांपर्यंत. दिवसाचे वेतन सरासरी ५०० धरले तर ३५० रुपये घरबसल्या येतात. पण त्याला अट अशी की सहा महिन्यांच्या वर्गणी-काळात निदान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली हवी. एप्रिल ते सप्टेंबर भरलेल्या वर्गणीचा लाभ पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये. ऑक्टोबर ते मार्चचा लाभ जुलै ते डिसेंबरमध्ये. आता आपल्याकडचे वर्ष डोळ्यांपुढे आणा. मुलगा पेरणीला पंधरा दिवस येतो, भलरी-खुरपणीला पुन्हा, मग गणपतीला. सगळे बिनपगारी खाडे एप्रिल ते सप्टेंबर याच काळात पडतात. जानेवारीत तो आजारी पडला आणि दिवस कमी भरले, तर भत्ता नाही. मुलाला पेरणीला बोलावू नका असे मी म्हणत नाही. शेत तर शेतच आहे. पण बोलावण्याआधी भरलेले दिवस मोजा. आणि पगारी रजा शिल्लक असेल तर ती घ्यायला सांगा, कारण पगारी रजेचा दिवस वर्गणीत धरला जातो.

दुसरा खड्डा दाखल्याचा. ताप भरला की मुलगा एस.टी.ने गावी येतो, ओळखीच्या डॉक्टरकडून औषध घेतो, बरा होऊन परत जातो. भत्त्यासाठी विम्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला लागतो. खाजगी डॉक्टरची चिठ्ठी आपोआप चालत नाही. म्हणून गावी निघण्यापूर्वी विम्याच्या दवाखान्यात जावे आणि दाखला घ्यावा. तेथे रांग असते, वेळ मोडतो, हे कबूल. तरीही अर्ध्या दिवसाच्या रांगेपायी महिन्याचा भत्ता सोडणे कुठल्याच हिशेबात बसत नाही. क्षयासारखा लांबणारा रोग असेल आणि विमा सलग दोन वर्षांचा असेल, तर ८० टक्के दराने दोन वर्षांपर्यंत भत्ता मिळू शकतो. तेथेही किती दिवस भरले ते पाहतात. बाळंतपणासाठी कामगार स्त्रीला पहिल्या दोन अपत्यांच्या वेळी २६ आठवडे पूर्ण वेतन आहे.

अपघाताला मात्र दिवसांची अट नाही. कामावरच्या पहिल्याच दिवशी यंत्रात हात सापडला, तरी बरे होईपर्यंत वेतनाच्या ९० टक्के मिळतात. कामावर जाता-येताना रस्त्यात झालेला अपघातही २०१० पासून यात धरतात, वेळ आणि वाट कामाशी जुळत असेल तर. अपघाताची नोंद त्याच दिवशी वहीत करवून घ्यावी. “किरकोळ लागलंय, उद्या लिहू,” म्हणणाऱ्या मुकादमाचे ऐकू नये. कामामुळे मृत्यूच ओढवला तर बायको-मुलांना दरमहा भत्ता सुरू होतो. हा अर्ज घरच्यांनाच करावा लागतो, म्हणून विमा क्रमांक घरातही लिहून ठेवलेला असावा. देवघराच्या भिंतीवर लिहिला तरी चालेल.

निवृत्तीनंतर गावी परतलेल्यांचे विसरू नका. निदान पाच वर्षे विमा असलेल्या कामगाराला वर्षाचे १२० रुपये भरून स्वतःसाठी व जोडीदारासाठी औषधोपचार चालू ठेवता येतात. त्यासाठी नोकरीचा पुरावा लागतो. तो कामावरच्या शेवटच्या दिवशीच कचेरीतून मागून घ्यावा.