नेमक्या पेशीतच जनुक जागं कसं होतं?

आयआयटी मद्रासच्या सुधा गोपालकृष्णन ब्रेन सेंटरने डिसेंबर २०२४ मध्ये ‘धरणी’ हा संच सर्वांसाठी खुला केला. गर्भावस्थेच्या मधल्या तिमाहीतल्या मानवी मेंदूंचे ५,१३२ काप त्यात आहेत. पडद्यावर चित्र मोठं करत गेलं की पेशींची दाट गर्दी दिसू लागते. या गर्दीतल्या एकाच जातीच्या पेशींना जनुक द्यायचं आणि शेजारणींना नाही, हे कसं साधतात?

गरज कुठे पडते ते आधी पाहू. ड्रॅव्हे सिंड्रोम हा तान्ह्या वयात सुरू होणारा अपस्माराचा गंभीर प्रकार. बहुतेक मुलांत बिघाड एससीएन१ए या जनुकात असतो. त्यामुळे मेंदूला आवर घालणाऱ्या चेतापेशी दुबळ्या पडतात आणि झटके येतात. बळ द्यायचं ते याच पेशींना. उत्तेजक पेशींनाही मिळालं तर झटके वाढायची भीती.

जनुक वाहून नेतो एएव्ही हा विषाणू. तो १९६५ मध्ये सापडला. त्याचा व्यास जेमतेम २५ नॅनोमीटर, आणि त्याच्यामुळे कोणताही आजार होत असल्याचं आढळलेलं नाही. त्याची स्वतःची जनुकं काढून तिथे हवं ते भरतात.

पहिली निवड त्याच्या कवचावर होते. कवच पेशीवरच्या कोणत्या रेणूला चिकटतं, त्यावर प्रवेश ठरतो. पण यावर फार विसंबता येत नाही. पीएचपी.बी हे कवच काही जातींच्या उंदरांत रक्तातून थेट मेंदूत शिरलं. माणसाच्या पेशींवर मात्र ते ज्याला चिकटतं तो रेणूच नाही.

खरी निवड आत गेल्यावर होते, आणि मला तीच जास्त महत्त्वाची वाटते. डीएनए सगळ्या पेशींत सारखाच, पण प्रत्येक जातीत त्याचे वेगवेगळे भाग उघडे असतात. त्यांत काहीशे अक्षरांचे ‘एन्हान्सर’ असतात. ते जवळचं जनुक चालू करतात. ते शोधायला असं विकर वापरतात, जे फक्त उघडा डीएनए कापतं. ज्या तुकड्याचा संशय येतो, त्याला चमकणाऱ्या प्रथिनाचं जनुक जोडून एएव्हीत भरतात, उंदराला टोचतात, मग मेंदूचे काप करून कोणत्या पेशी चमकल्या ते बघतात. बरेच तुकडे इथेच बाद होतात.

वेल्लोरमध्ये, ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात, याच विचाराचा उपयोग हिमोफिलियावर झाला. वाहक वेगळा होता, लेंटिव्हायरस. पण रक्त गोठवायला लागणाऱ्या फॅक्टर आठ या प्रथिनाच्या जनुकापुढे सीडी६८ हा प्रोमोटर (जनुक सुरू करणारा डीएनएचा तुकडा) लावला होता, म्हणजे प्रथिन मुख्यतः मोनोसाइट कुळातल्या पेशींतच बनावं. पाच रुग्णांचे निकाल २०२४ च्या अखेरीस प्रसिद्ध झाले.

ड्रॅव्हेत आणखी एक अडचण आहे. एएव्हीत साधारण ४,७०० अक्षरं मावतात आणि एससीएन१एचा मजकूर सुमारे ६,००० अक्षरांचा. म्हणून अख्खं जनुक न पाठवता, रुग्णाची चांगली उरलेली प्रत जोमाने चालवणाऱ्या एका लहान प्रथिनाचं जनुक पाठवतात. त्याच्यापुढे आवर घालणाऱ्या पेशींतच चालू होणारा तुकडा असतो. परदेशात लहान मुलांवर या उपचाराच्या चाचण्या सुरू झाल्या आहेत.