सप्ताहातला कीर्तनकार घडतो कुठे? आळंदीच्या वारकरी शिक्षण संस्थेची शंभर वर्षांची गोष्ट

परभणी : पहाटे काकडा, मग ज्ञानेश्वरी पारायण, सायंकाळी हरिपाठ आणि रात्री हरिकीर्तन. परभणी जिल्ह्यातल्या गावांना अखंड हरिनाम सप्ताहाचा हा क्रम पाठ आहे. संत जनाबाईंचे गंगाखेड याच जिल्ह्यात. शेगावच्या गजानन महाराजांची पालखीही पंढरपूरला याच जिल्ह्यातून जाते. सप्ताहात टाळ घेऊन उभी राहणारी काही मुले पुढे आळंदीला शिकायला जातात. ही वाट कोणी घालून दिली?

सुरुवात कशी झाली?

पुण्याचे विष्णुबुवा जोग (१८६७-१९२०) यांनी १९१७ मध्ये आळंदीत वारकरी शिक्षण संस्था सुरू केली. तोवर कीर्तन शिकायचे ते फडावर किंवा घरात, ऐकून-ऐकून. ज्याच्या घरी परंपरा नाही, त्याला शिकण्याची सोय नव्हती. जोग महाराजांनी कोणत्याही जातीच्या मुलासाठी वर्ग उघडला. तीनच वर्षांत त्यांचे निधन झाले. पण शिष्यांनी संस्था टिकवली. पुढे पुण्याच्या स. प. महाविद्यालयाचे प्राचार्य झालेले सोनोपंत दांडेकर हे त्यांच्याच शिष्यांपैकी.

काय शिकवतात?

अभ्यासक्रम चार वर्षांचा, शुल्क नाही. ज्ञानेश्वरी, गीता, तुकोबांची गाथा, जोडीला गायन आणि मृदंग. गावात माधुकरी मागून जेवायचे आणि शिकायचे, अशी रीत होती. जोग महाराज स्वतः कीर्तनाचे पैसे घेत नसत. विद्येचा बाजार होऊ नये, हा त्यामागचा आग्रह. कीर्तनकारांच्या मानधनाची आज गावोगाव चर्चा होते, तेव्हा ही आठवण मुद्दाम काढली जाते.

मराठवाड्यात कशी पोहोचली?

तेव्हा परभणी आणि बीड हे निजामाच्या राज्यात, तर आळंदी इंग्रजी अमलात. तरीही जोग महाराजांचे शिष्य बंकटस्वामी यांनी बीड जिल्ह्यातल्या नेकनूरमधून ही परंपरा मराठवाड्यात रुजवली.

आता प्रश्न कोणता?

मूळ संस्थेच्या धर्तीवर आळंदीत अनेक खासगी संस्था उभ्या राहिल्या. त्यांपैकी काही ठिकाणी मुलांवर अत्याचार झाल्याच्या तक्रारी आल्या. २०२५ च्या सुरुवातीला राज्य महिला आयोगाने दखल घेतली आणि अनधिकृत संस्थांच्या तपासणीचा विषय ऐरणीवर आला. नावात ‘वारकरी’ असले म्हणजे संस्था जोग महाराजांची, असे नव्हे.

पालकांनी काय पाहावे?

- संस्थेची नोंदणी आहे का? निवासाला परवानगी आहे का?
- मुलाची नियमित शाळा सुरू राहणार का? शिक्षण हक्क कायदा केवळ धार्मिक शिक्षण देणाऱ्या संस्थांना लागू होत नाही. त्यामुळे हे आधीच विचारून घ्यावे.
- मुले किती, खोल्या किती, रात्री जबाबदार व्यक्ती कोण?
- घरी फोन करायची आणि पालकांना कधीही भेटायची मोकळीक आहे का?
- संशय आला तर चाइल्ड हेल्पलाइन १०९८. मुलांवरील लैंगिक अत्याचारासाठी २०१२ चा पोक्सो कायदा आहे.

मूल मृदंग, गाथा शिकून गावच्या सप्ताहात उभे राहिले, याचा आनंद घरादाराला होतोच. मात्र त्याला आळंदीत सोडून येण्याआधी एकदा स्वतः जाऊन, दोन दिवस राहून, सगळे डोळ्यांनी पाहिलेले बरे.