नाव बदललं, पण आडनाव काय सांगायचं?

न्यूयॉर्कच्या लुकेसी टोळीतला हेन्री हिल १९८० मध्ये अमली पदार्थांच्या प्रकरणात पकडला गेला. तोंड उघडलं नाही तर तुरुंगात सडायचं आणि सुटलो तर आपलेच सोबती काटा काढणार, हे कळायला त्याला फार वेळ लागला नाही. साथीदारांविरुद्ध साक्ष द्यायला तो तयार झाला. बदल्यात सरकारनं त्याला बायकोमुलांसह नव्या नावांनी दूर नेब्रास्का राज्यातल्या ओमाहा शहरात नेऊन ठेवलं. निकोलस पिलेगी या पत्रकारानं त्याच्यावर १९८५ मध्ये ‘वाइजगाय’ हे पुस्तक लिहिलं आणि त्यावरून मार्टिन स्कोर्सेसीनं ‘गुडफेलाज’ काढला. पिलेगीची बायको नोरा एफ्रन हीही लेखिका. तिनं त्याच सुमारास ‘माय ब्लू हेवन’ लिहिला. न्यूयॉर्कचा गुंड साक्षीदार म्हणून एका शांत उपनगरात लपलाय आणि तिथल्या सज्जनपणानं त्याला जीव नकोसा झालाय, अशी ही धमाल गोष्ट. दोन्ही चित्रपट १९९० मध्ये महिन्याभराच्या अंतरानं आले. एकाच घरात नवऱ्यानं गुंडाचं टोळीतलं आयुष्य घेतलं आणि बायकोनं त्यानंतरची फजिती. विनोदाला खरा माल बायकोच्या वाट्याला आला, असं म्हणायला हरकत नाही.

टोनिनो बेनाक्विस्टा या फ्रेंच लेखकाची ‘मालाविटा’ ही २००४ ची कादंबरी याच फजितीवर उभी आहे. जोवानी मान्झोनी नावाचा माफिया ‘फ्रेड ब्लेक’ बनून कुटुंबासह नॉर्मंडीतल्या एका गावात येतो. शेजाऱ्यांना काहीतरी सांगायला हवं, म्हणून आपण लेखक आहोत आणि दुसऱ्या महायुद्धातल्या नॉर्मंडीच्या लढाईवर पुस्तक लिहितोय, अशी थाप मारतो. थाप मारता मारता त्याला लिहायची चटकच लागते आणि गडी आत्मचरित्र लिहायला बसतो. साक्षीदाराला लपवून ठेवलंय आणि तो स्वतःच्या गुन्ह्यांचा कबुलीजबाब टंकलिखित करतोय! पाळतीवरच्या अधिकाऱ्यांचं काय होत असेल ते समजून घ्यावं.

या जातीच्या कथांमध्ये लपलेल्या माणसाचा घात बंदुकीआधी सवयी करतात. खुद्द हिलचंच बघा. ओमाहानंतर त्याला केंटकीत आणि मग वॉशिंग्टन राज्यात हलवावं लागलं. अमली पदार्थ काही सुटले नाहीत आणि अखेर त्याला साक्षीदार संरक्षण योजनेतूनच काढून टाकलं. पुढे तो उघडपणे वावरला, रेडिओवर बोलला, पाककृतींचं पुस्तक काढलं, स्वतःच्या नावाचा सॉसही विकला. २०१२ मध्ये तो आजारपणानं वारला. ज्या टोळीच्या भीतीनं नाव बदललं, त्या टोळीच्या हातून नव्हे.

अमेरिकेतल्या या योजनेचा पाया १९७० च्या कायद्यानं घातला. न्याय खात्यातले वकील जेराल्ड शुर हे तिचे जनक मानले जातात आणि अंमलबजावणी मार्शल्स सेवेकडे आहे. आजवर एकोणीस हजारांहून अधिक साक्षीदार आणि त्यांचे कुटुंबीय तिच्यातून गेले. नवं नाव घेताना पहिलं नाव किंवा निदान आद्याक्षरं तीच ठेवा, असा सल्ला तिथे देतात. कुणी मागून जुन्या नावानं हाक मारली की मान वळतेच, हे त्यांना अनुभवानं माहीत आहे.

वेषांतराच्या विनोदाचं मराठी माणसाला वावडं नाही. विराटाच्या मुदपाकखान्यात बल्लव होऊन राबणारा भीम आणि राजकन्येला नाच शिकवणारी बृहन्नडा आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहेत. १९८८ च्या ‘अशी ही बनवाबनवी’नं तर अशोक सराफ, सचिन आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या जोरावर महाराष्ट्राला कायमचं हसवून ठेवलं. पण तिथे लपायचं कारण काय, तर भाड्याची खोली! ‘सम लाइक इट हॉट’मधले दोन वादक खून पाहिल्यामुळे बायकांच्या वाद्यवृंदात शिरतात, तेच १९७५ च्या हिंदी ‘रफूचक्कर’मध्ये झालं. आपल्या विनोदात मात्र माणूस घरमालकापासून लपतो, होणाऱ्या सासऱ्यापासून लपतो. साक्षीदार म्हणून सरकारच्या आसऱ्यानं लपलेला नायक मराठीत सहसा भेटत नाही.

कारण उघड आहे. अशी गोष्ट रंगायची तर सरकार साक्षीदाराला सांभाळतं, यावर वाचकाचा विश्वास बसावा लागतो. आपल्या आठवणी वेगळ्या आहेत. २००२ च्या सप्टेंबरमध्ये वांद्र्यात सलमान खानच्या गाडीला झालेल्या अपघाताची फिर्याद देणारे कॉन्स्टेबल रवींद्र पाटील हे त्या खटल्यातले महत्त्वाचे साक्षीदार होते. पुढे न्यायालयात हजर राहिले नाहीत म्हणून त्यांच्यावरच वॉरंट निघालं, अटक झाली, नोकरी गेली. २००७ च्या ऑक्टोबरमध्ये शिवडीच्या क्षयरोग रुग्णालयात त्यांचा मृत्यू झाला. खटल्यात सलमान खान २०१५ मध्ये उच्च न्यायालयात निर्दोष ठरला. निकालाबद्दल कुणाचं काहीही मत असो, या माणसाच्या शेवटच्या पाच वर्षांत विनोद सापडणं कठीण.

कायदा उशिरा का होईना, आला. आसाराम प्रकरणातल्या साक्षीदारांवर हल्ले झाले, काहींचे खून पडले. त्यातूनच सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या महेंदर चावला खटल्यात ५ डिसेंबर २०१८ रोजी न्यायालयानं देशभर साक्षीदार संरक्षण योजना लागू केली. महाराष्ट्रानं त्याआधीच, २०१७ मध्ये, स्वतःचा कायदा केला होता. आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९८ नुसार प्रत्येक राज्याला अशी योजना करणं बंधनकारक आहे. केंद्राच्या योजनेत जिल्हा व सत्र न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली समिती असते, जिल्ह्याचे पोलीसप्रमुख आणि सरकारी वकिलांचे प्रमुख तिच्यात असतात. साक्षीदाराला धोका किती, याचा अहवाल पोलीस देतात. मग फोन नंबर बदलण्यापासून घराला कॅमेरे बसवण्यापर्यंत आणि वेळ पडलीच तर दुसऱ्या गावी हलवून नवी ओळख देण्यापर्यंत मजल जाते.

या शेवटच्या तरतुदीतच मराठी कादंबरी दडलेली आहे.

समजा, मुंबईतल्या एका खंडणी टोळीचा हिशेबनीस साक्षीदार झाला आणि त्याला आणून ठेवलं इंदापूर तालुक्यातल्या बावड्यात. इंदापूर–अकलूज रस्त्यावरचं हे मोठं गाव. भोवती ऊस, पलीकडे नीरा नदी, नदीपार सोलापूर जिल्हा. थोड्या अंतरावर नीरा-भीमेचा संगम आणि नरसिंहपूरचं देऊळ. आषाढीच्या आधी तुकोबांची पालखी याच वाटेनं सराटीकडे जाते. हंगामात मराठवाड्यातून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. म्हणजे नवी माणसं गावाला नवी नाहीत, लपायला जागा उत्तमच.

पण चहाच्या टपरीवर पहिल्याच सकाळी विचारणा होणार, “पाहुणं कुठलं?” थाप म्हणून त्यानं आपलं मूळ गाव बारामतीकडचं सांगितलं तर तिथे कुणाची तरी बहीण दिलेली असणार. कोल्हापूरकडचं सांगितलं तर समोरचा म्हणणार, “तिकडं बी बावडा हाय की, कसबा बावडा! आमचा साडू तिथंच असतोय.” पुढचे प्रश्न ठरलेले: आडनाव, भावकी, कुलदैवत. नरसिंहपूरचा नरसिंह हे कितीतरी घराण्यांचं कुलदैवत आहे, म्हणून त्यानं घाईत तेच ठोकून दिलं, तर गाव हौसेनं त्याला नवरात्रात तिकडे घेऊन जाणार आणि तिथले पुजारी त्याच्या घराण्याची चौकशी करणार.

केंद्राच्या योजनेत नवं नाव आणि नवा व्यवसाय तर आहेच, शिवाय नवं पालकत्वही देता येतं. म्हणजे मराठी नावात मधे जो बाप असतो, तोही सरकार बदलून देणार. त्याच वेळी साक्षीदाराचे शिक्षणाचे, व्यवसायाचे आणि मालमत्तेचे जुने हक्क हिरावले जाऊ नयेत, असंही योजनाच सांगते. न्यायाच्या दृष्टीनं हे रास्त आहे, तलाठ्याच्या दृष्टीनं मात्र भयंकर. सातबारावर एक माणूस, आधारवर दुसरा, आणि दोघांचे बाप निराळे. हा गुंता सोडवणारा तलाठी हेच कादंबरीतलं सर्वात मोठं पात्र ठरेल. हेरगिरी न करता त्याला सगळं कळलेलं असेल आणि तो फक्त मंडल अधिकाऱ्याच्या बदलीची वाट बघत असेल.

मुदतीचीही गंमत आहे. संरक्षणाचा आदेश एका वेळी जास्तीत जास्त तीन महिन्यांचा असतो, गरज पडली तर वाढवता येतो. उसाचा गळीत हंगाम सहसा त्याहून लांब चालतो. म्हणजे आपल्या हिशेबनिसाला कारखान्याच्या काट्यावर कामाला लावला, तर पट्टा पडायच्या आत त्याचा आदेश एकदा तरी वाढवून घ्यावा लागणार. शिवाय तो हिशेबाचा पक्का. उसाच्या वजनात आणि उचलीत कुठे काय मुरतंय, हे त्याला आठवड्यात दिसणार, आणि जुन्या धंद्यातली जीभ वळवळणार. मुंबईच्या टोळीनं शोधायच्या आधी एखादा मुकादमच त्याच्या मागे लागायचा.

तेवढ्यातून निभावला, तरी गावाच्या प्रेमाचं काय करणार? ‘मालाविटा’वरच्या चित्रपटात शाळेच्या अंकातला मजकूर फिरत फिरत अमेरिकेच्या तुरुंगातल्या डॉनपर्यंत पोचतो आणि मारेकरी निघतात. बावड्याला शाळेच्या अंकाची गरज नाही. हिशेबनिसानं गणेश मंडळाची वर्गणी चोख लिहून दिली, पैन् पै जुळवली, की पोरं खूश. नव्या आधारकार्डावरची खोटी जन्मतारीख कुणीतरी हेरून ठेवलेली असणारच. त्या दिवशी सकाळी चौकात दहा बाय पंधराचा फ्लेक्स लागेल: मधे गॉगल चढवलेला त्याचा फोटो, वर ‘हिशेबाचा वाघ’, खाली चाळीस शुभेच्छुकांची गोल गोल तोंडं, आणि तो रस्त्यावर येऊन बघेपर्यंत अकलूजपासून डोंबिवलीपर्यंत सगळ्यांच्या स्टेटसला गेलेला असेल.